ताईचं वजन

माझ्या ताईला दवाखान्यात सगळे कुलूप म्हणायचे. अपघात विभागाच्या दारात ती उभी राहिली की वेगळी कडी लावायची गरज नसे. एकशे अठरा किलोंची बाई, पाय रोवलेले, हात पाठीमागे बांधलेले. आत डॉक्टर कुणाचं तरी फुटलेलं डोकं शिवताहेत, बाहेर त्या डोक्याचे चार भाऊ, दहा मित्र आणि एक कुणाचाच कुणी नसलेला माणूस, जो अशा प्रत्येक गर्दीत असतो आणि सगळ्यांत जास्त ओरडतो. या सगळ्यांच्या आणि डॉक्टरांच्या मधोमध माझी ताई.

मी त्याच विभागात ड्रेसिंगच्या खोलीत मदतनीस आहे. ताईला नोकरी मीच लावून दिली, त्यामुळे तिला बसणारा मार बघणंही माझ्याच वाट्याला आलं. पहारेकऱ्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. हात पाठीमागे न्यायचे, बोटांत बोटं अडकवायची आणि आभाळ कोसळलं तरी सोडायची नाहीत. कारण पहारेकऱ्यानं कुणाला मारलं तर दवाखान्यावर खटला होतो आणि पहारेकऱ्याला कुणी मारलं तर नुसती चौकशी होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त याचा पगार मिळतो.

एका दुपारी ट्रकखाली आलेला एक जण आत नेला आणि तो आतच संपला. डॉक्टर बाहेर येऊन सांगायच्या आधी कुणीतरी काचेतून पाहिलं. मेलेल्याच्या भावानं हातातलं हेल्मेट फिरवलं ते थेट ताईच्या जबड्यावर. दात तुटला. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली. तिसऱ्यानं सलाइनचा स्टँड उचलून तिच्या खांद्यावर हाणला, तर तो लोखंडी स्टँडच वाकला. ताई तसूभर हलली नाही. रक्त गिळून म्हणाली, "आत अजून तीन पेशंट आहेत. त्यांना जगू द्या." पोलीस येईपर्यंत तिनं दार धरलं. आतला तरुण डॉक्टर टेबलाखाली बसला होता. त्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्या जागी मी असते तर कपाटात शिरले असते.

पण मार खाण्याचं शिक्षण ताईनं दवाखान्यात घेतलं नव्हतं. ते तिला दाजींनी दिलं होतं.

दाजींना मी अजून अहोजाहो करते. आईनं लावलेली सवय. मनातल्या मनात त्यांना काय म्हणते, ते लिहिण्यासारखं नाही. ते मालाची गाडी चालवतात, खोकी चढवून उतरवून दंड असे झालेत की शर्टाच्या बाह्या उसवतात. लग्न झालं तेव्हा ताई काडीपैलवान होती. पहिल्याच वर्षी त्यांनी तिला भिंतीवर फेकलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. एकदा केस धरून तिचं कपाळ ओट्यावर आपटलं, तेव्हा ओट्याची फरशी तडकली. फरशी तडकली म्हणून पुन्हा मारलं. आम्ही पोलिसांत गेलो. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढली, म्हणजे ताईची काढली. मी म्हणायचे, सोड त्यांना. ती म्हणायची, "खोली माझ्या पगारावर आहे, भांडी माझी आहेत, मी का निघू?" तिचं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर असण्यानं हाड जुळत नाही.

मग ती अंगानं सुटत गेली. आधी अशाच एका मारात मोडलेल्या पायामुळे झोपून राहिली, मग थायरॉइड निघालं, मग नुसतंच. एके दिवशी दाजींनी नेहमीसारखं तिला ढकललं आणि ती हलली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. ताई तिथेच. तिसऱ्या खेपेला त्यांचाच पाय घसरला आणि कपाळ चौकटीवर आपटलं. ताईनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ताई जेवायला बसली ती नऊ वर्षं उठली नाही.

लोक हसायचे. "कुलूपताई, जरा किल्ली शोधा," म्हणायचे. भात, पाव, तळलेलं, गोड, जे समोर येईल ते ती खायची, भूक असो वा नसो. कामावर निघताना जसा गणवेश चढवावा तसं अंगावर मांस चढवायची. आणि दाजींचा हात खरंच थांबला. तोंड चालू होतं, पण तोंडानं हाड मोडत नाही. नऊ वर्षं तिच्या अंगावर घरचा एकही वळ उठला नाही. मी कोण तिला सांगणार की कमी खा?

शेवटी सांगितलं तिच्या शरीरानंच. दारात कुणी नसताना ती उभ्याउभ्या झोपली आणि स्ट्रेचरच्या गाडीवर कोसळली. तपासलं तर साखर वर, रक्तदाब इतका की डॉक्टरांनी दुसरं यंत्र मागवून पुन्हा मोजला, आणि झोपेत श्वास मधेमधे बंद पडतो असं निघालं. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे असंच राहिलं तर एक दिवस मेंदूतली नस फुटेल. तो दिवस लांब नाही." आता ताईपुढे हे असं होतं. वजन ठेवलं तर रक्तदाब नेणार, आणि उतरवलं तर नवऱ्याचा हात परत उठणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तिनं आधी घरच्याघरी उपाय केला. कुणीतरी सांगितलेली पावडर पाण्यात घालून प्यायची, दुसरं काही खायचं नाही, साखरेच्या गोळ्या मात्र नेहमीच्याच चालू. चौथ्या दिवशी ती जिन्यात बेशुद्ध पडली. साखर तळाला गेली होती. त्यानंतर मीच तिला धरून वरच्या मजल्यावर नेलं. तिथे एकाच बोळात समोरासमोर दोन खोल्या आहेत. एकीत सर्जन बसतात, दुसरीत वजनाच्या डॉक्टरबाई.

सर्जन माणूस चांगला होता. त्यानं कागदावर पिशवीसारखं पोट काढलं आणि मधून रेघ मारली. "एवढा भाग काढून टाकायचा. छोट्या छिद्रांतून होतं. भूकच कमी होते. दवाखान्याची माणसं तुम्ही, खर्चाचं बघू."

मी म्हटलं, "ताई, एकदाचं होऊन जाऊ दे."

ताईनं विचारलं, "घरी गेल्यावर किती दिवस जपायचं?"

"दोन-तीन आठवडे जड उचलायचं नाही. आणि पोटाला धक्का लागता कामा नये."

"लागला तर?"

सर्जन हसला. "कशाला लागेल? घरात आराम करायचा."

ताई उठली. म्हणाली, "मला नाही जमायचं." बाहेर आल्यावर मी चिडले. एवढा हुशार डॉक्टर, आणि ही बाई पाठ फिरवते. ती म्हणाली, "ठिणगे, पोटात टाके घेऊन मी त्या घरात झोपू?" घरी मला ठिणगी म्हणतात, कारण मी लवकर पेटते. त्या वेळी मी विझले.

समोरच्या डॉक्टरबाई अंगानं दोरीसारख्या आणि बोलायला तिखट. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. ऑपरेशन नाही, जादू नाही. रक्त तपासायचं, जेवण ठरवून द्यायचं, आठवड्याला येऊन काट्यावर उभं राहायचं. वजन उतरेल तशा साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कमी कराव्या लागतात, नाहीतर जिन्यात झालं तसं पुन्हा होतं, म्हणून देखरेख. आणि व्यायाम, नाहीतर चरबीबरोबर ताकदही जाते. "वर्ष-दीड वर्ष लागेल. कंटाळाल. बऱ्याच जणी मधेच सोडतात."

"हळूहळू उतरेल ना?" ताईनं विचारलं.

"हो."

"मग हेच बरं."

डॉक्टरबाईंना वाटलं, बाई समजूतदार आहे. ताईचा हिशेब वेगळा होता. तिनं मला तो जिन्यात सांगितला. एकदम उतरलं तर दिसेल, थोडं थोडं उतरलं तर रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रोज पाहिलेलं पोर कधी वाढलं ते कळतं का? मलाही तेव्हा पटलं. दोघी बहिणी, अक्कल एकीलाही नाही. पोर वाढताना आईबाप बघत असतात. दाजी बघत नव्हते, ते टपून होते.

पहिले महिने बरे गेले. अंडी, कडधान्यं, काकडी, मोजून भात. भुकेनं ताईचं टाळकं सटकायचं, ती मला शिव्या द्यायची, मी परत द्यायचे, तेवढाच व्यायाम. व्यायामवाली मुलगी तिला रबरी पट्टे ओढायला लावायची, खुर्चीतून हात न लावता उठवायची, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे जमिनीवर झोपवून परत उभं राहायला लावायची. एका कुशीवर वळायचं, गुडघा टेकायचा, दुसरं पाऊल पुढे रोवायचं आणि वर. पहिल्यांदा आम्ही दोघींनी मिळून तिला उठवली. नऊ वर्षांत ती जमिनीवर बसलीच नव्हती. पडायचं नाही, हाच तिचा सगळा बंदोबस्त होता. पडल्यावर काय, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

गोळ्या कमी झाल्या. ती रात्रभर झोपू लागली. गणवेश कमरेत आत घ्यावा लागला. आणि घरात दाजींनी चाचपणी सुरू केली.

येताजाता खांदा मारायचा. ओट्याशी उभी असली की बाजूनं ढोपर लावायचं. वर "सॉरी" म्हणायचं. ती किती हलते ते बघायचं. डॉक्टरबाईंचा काटा आठवड्याला, दाजींचा रोज. ताई मला म्हणाली, "त्याला माझं वजन माझ्याआधी कळतं." मी म्हटलं, आमच्याकडे येऊन राहा. माझी खोली त्याच मजल्यावर समोर आहे, दोन दारांमध्ये फक्त बोळ. ती म्हणाली, "आणि माझी खोली त्याला देऊ?"

चौऱ्याण्णव किलोंवर आली त्या आठवड्यात दोन्हीकडे एकदमच फुटलं. दवाखान्यात दारूच्या अड्ड्यावर भोसकलेला माणूस आला आणि त्याच्यामागून त्याची टोळी. ताईनं दार धरलं, पण दोघांनी मिळून खांद्यानं रेटलं आणि ती बाजूला फेकली गेली. टोळी आत शिरली. नर्सच्या हातात काच घुसली, एका डॉक्टरच्या बरगडीवर लाथा बसल्या. मी रक्ताचे बोळे गोळा करत होते आणि ताई भिंतीला खांदा टेकून उभी होती. तिचे हात अजून पाठीमागून सुटलेले नव्हते. पहारेकऱ्यांचा मुकादम म्हणाला, "कुलूप सैल झालंय." तो गमतीनं म्हणाला, तरी मी त्याच्या अंगावर रक्ताचा ट्रे सांडला. चुकून.

त्याच संध्याकाळी दाजींनी तिला ढकललं आणि ती पडली. नऊ वर्षांनी पहिल्यांदा. ते हसले, असं तिनं सांगितलं. मग लाथ घातली, मग दंडाला धरून ओढत नेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळला नव्हता, नुसता कोपऱ्यात ठेवलेला होता.

मी दार उघडून आत गेले तेव्हा ते निघून गेले होते आणि ताई ओट्यापाशी उभी राहून खात होती. पावाचे तुकडे, साखर, तेलकट काहीतरी, ओठ फुटलेला, घासाला रक्त लागतंय आणि ती गिळतेय. मी हातातलं ओढलं. तिनं मला ढकललं. "परत वाढवते," म्हणाली. "परत एकशे वीस करते. मग हात लावून दाखव म्हणावं."

आठवडाभर ती तशीच खात राहिली. डॉक्टरबाईंच्या काट्यावर आकडा चढला. त्या ओरडल्या नाहीत. रक्तदाब घ्यायला बाही वर केली आणि दंडावर चार बोटांचे काळे ठसे दिसले. ऑपरेशन केलं असतं तर इतक्या वेळा कुणी तिचा दंड बघितला असता की नाही कोण जाणे.

"दारात झालं का हे?"

ताई म्हणाली, "घरात." मग सगळंच म्हणाली. वजन का वाढवलं, ऑपरेशन का नको म्हटलं, आता पाव का खातेय. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या बहिणीच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात मी कधी ऐकली नव्हती.

डॉक्टरबाईंनी तिची बाही खाली केली. मग म्हणाल्या, "पोलीस, समाजसेविका, जे हवं ते मी आत्ता बोलावते. तुम्ही नको म्हणाल तर नाही बोलावणार. पण खोटं नाही सांगणार. वजन परत चढवलंत तर तो थांबेलही. रक्तदाब नाही थांबणार. मला तुमची फार काळजी वाटते."

"पोलीस झालेत बघून," ताई म्हणाली. मग तिनं विचारलं, "व्यायाम वाढवून देता?"

ती परत मोजून खाऊ लागली. व्यायामवालीकडे रोज जाऊ लागली, पट्टे बदलून जाड घेतले. मी तिला रोज म्हणायचे, चल माझ्याकडे, आणि पालथ्या घड्यावर पाणी. ती नुसती म्हणायची, "बघू." घरात मार चालूच होता. दाजी नऊ वर्षांची थकबाकी वसूल करत होते. ताई घरातही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. मी म्हटलं, तिथे कुणी मुकादम नाही, सोड हात. तिला ते कळतच नव्हतं. इतकी वर्षं मार आला की हात मागे, अंगाला तेवढंच ठाऊक होतं.

एका सुटीच्या दुपारी बोळातून धप्प असा आवाज आला. मी धावले. दार उघडंच होतं. ताई जमिनीवर पडलेली, दाजी तिच्यावर वाकलेले. ती कुशीवर वळली, गुडघा टेकला, पाऊल रोवलं आणि उठली. दाजींनी कानाखाली मारली, परत ढकललं. ती पडली. कुशीवर, गुडघा, पाऊल, वर. दाजी म्हणाले, "बस की खाली." तिसऱ्यांदा त्यांनी पोटात बुक्की घातली. ती पडली आणि उठली, आता नाकातून रक्त येत होतं. दाजींना धाप लागली होती. त्यांनी हात उचलला, पण त्यात आधीचा जोर नव्हता, आणि ते ताईनं माझ्याआधी पाहिलं.

तिनं बोटं सोडली.

पहिली मूठ त्यांच्या तोंडावर बसली. दुसरी गळ्यावर. ते मागे टेबलावर पडले, टेबलासकट खाली आले. ताईनं केस धरून त्यांना उठवलं, ओट्यापाशी नेलं आणि कपाळ ओट्यावर आपटलं. एकदा. दोनदा. मला बरं वाटत होतं. मनात म्हटलं, अजून एक. तिसऱ्यांदा आपटलं आणि आवाज बदलला, ओला झाला. दाजींचे हात लटकले. ताई थांबली नाही. मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि ओढलं. माझे हात तिच्याभोवती पुरले. पूर्वी कधी पुरले नव्हते.

"ताई, सोड. मरतील ते."

तिनं सोडलं. ते ओट्यावरून घसरून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

अपघात विभागात मीच त्यांना घेऊन गेले. भुवईवर टाके पडले, नाक मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. दाजी म्हणाले, "घसरून पडलो." आमच्या ताईचंच जुनं वाक्य. मी ट्रे धरून उभी होते. औषध मी जरा झोंबणारंच दिलं. तिथून ते त्यांच्या भावाकडे गेले. मी ताईला म्हटलं, संपलं. शेजारपाजारची दोन माणसं येऊन शाबासकी देऊन गेली, ज्यांनी इतकी वर्षं भिंतीला कान लावून सगळं ऐकलं होतं.

डॉक्टरबाईंनी ताईचं मनगट सुजलेलं पाहिलं तेव्हा ती मात्र म्हणाली, "या वेळी मी मारलं. मला बरं वाटलं. थांबावंसं वाटत नव्हतं." डॉक्टरबाईंनी मनगटाला पट्टी बांधली आणि दर आठवड्याला काट्यानंतर तिच्याशी अर्धा तास बोलायला एक समुपदेशक नेमून दिली. ताई जायची. काय बोलायची ते तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. वजन उतरत राहिलं. दारावरून तिनं स्वतःहून बदली मागून घेतली आणि आता ती लहान मुलांच्या विभागात बसते.

दाजी परत आले ते एका संध्याकाळी. हातात पिशवी, भुवईवर व्रण, अंग ओसरलेलं. मी ताईकडे बसले होते. ते दारातूनच म्हणाले, "भावाकडे किती दिवस राहणार? आता काही करणार नाही मी. शपथ." ताईनं त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. मला वाटलं, झालं, आगीतून फुफाट्यात. मी जिभेवर शब्द आणून ठेवले होते.

अंधार पडत होता. दिव्याचं बटण दाजींच्या खुर्चीच्या वर आहे. ताई उठली आणि बटणासाठी तिनं हात वर केला.

दाजी खुर्चीत गोळा झाले. दोन्ही हात डोक्यावर, मान आत, डोळे मिटलेले. पिशवी खाली पडली. मला हसू आलं. दात काढून हसणारच होते, तेवढ्यात ताईचा चेहरा पाहिला. हात तसाच वर होता. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, त्या हाताकडे बघत होती. मग तिनं हळूच बटण दाबलं आणि त्यांच्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली.

"तुम्ही दचकलात," ती म्हणाली.

"नाही, ते सहज."

"दचकलात. मला माहीत आहे ते कसं असतं." ती रडत होती, पण आवाज सरळ होता. "तुमची कीव येत नाही मला. खरंच नाही. पण या खोलीत आता कुणी असं दचकायचं नाही. मी नाही आणि तुम्हीही नाही. तुम्ही इथे राहिलात तर कुणीतरी दचकणारच. जा."

ते काही तरी बोलायला गेले. तिनं मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी पिशवी उचलली आणि गेले. दार मी लावलं.

ताई कुशीवर वळून उठली नाही. तिथेच बसून राहिली आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. "धर गं हा जरा," म्हणाली. मी तो दोन्ही हातांत घेतला. तोच तो, बटणासाठी वर गेलेला. जिन्यावरून दाजींची पावलं खाली जात होती, ती ऐकू येईनाशी झाली तरी मी हात सोडला नाही.